हिरव्या पट्टीचा माणूस

नर्सिंगच्या पोरी पहिल्यांदा कॅज्युअल्टीत ड्युटीला आल्या की मी त्यांना दारातच अडवायचे. "हात मागे. कुणाला शिवायचं नाही. आधी नुसतं बघायचं." पोरींना वाटायचं, ही बाई चक्रम आहे. आत माणूस बोंबलतोय, फरशीवर रक्त सांडलंय आणि ही म्हणते बघत उभ्या राहा! पण माझा हट्टच होता तो. एका मिनिटात सांगायचं, या खोलीत तू सगळ्यांत आधी कुणाकडे जाशील आणि का. 'का' सांगता आलं नाही तर परत दारात.

आता मी निवृत्त होऊन पुनावळ्यात राहते. सोसायटीतल्या बायका विचारतात, "तुम्ही इंजेक्शनं द्यायचात ना?" द्यायचे की! हजारो दिली असतील. पण इंजेक्शन द्यायला कुणीही महिन्याभरात शिकतं. कुणाला आधी घ्यायचं आणि कुणाला थांबवायचं, हे शिकायला माझी सगळी नोकरी गेली. आणि नोकरी सरत आली तेव्हा मी त्यात अशी काही चुकले, की अजून पोळी लाटताना आठवलं तर हात थांबतो. तेच सांगायला बसलेय.

आमचं हॉस्पिटल चाकण रस्त्यावर. खासगी, मध्यम, फार झकपक नाही. दिवसभर समोरून कंपन्यांच्या बसेस आणि कांद्याचे ट्रक जायचे. त्यामुळे आमच्याकडे येणारी माणसंही तशीच: प्रेस मशीनवरचा, गाड्या रंगवणाऱ्या पेंट शॉपमधला, बाजार समितीतला हमाल. एकदम गर्दी झाली की आम्ही मनगटाला रंगीत पट्टी बांधायचो. लाल म्हणजे आत्ता, या क्षणी. पिवळी म्हणजे थोड्या वेळात. हिरवी म्हणजे बसा, बोलावू. पट्टी मी बांधायचे, आणि मी बांधलेली पट्टी डॉक्टरसुद्धा सहसा बदलत नसत. याचा मला केवढा ताठा होता म्हणून सांगू!

माझ्या काही युक्त्या होत्या. माणसाला विचारायचं, "घरून कसे आलात?" उत्तर महत्त्वाचं नाही, श्वास ऐकायचा. "घरून निघालो, हायवेला ट्रॅफिक होतं, मग सर्व्हिस रोडनं आलो," असं एका दमात बोलला तर त्याला वेळ आहे. "घरून..." म्हणून थांबला, दम घेतला, "निघालो..." म्हणून परत थांबला, की आधी ऑक्सिजन लावायचा. नाव-गाव नंतर.

यंत्रावर विश्वास ठेवायचा, पण माणसाकडे बघून. एकदा एक विद्यार्थिनी किंचाळत आली, "मॅडम, ऑक्सिजन बहात्तर!" मी धावले. बघते तर पेशंट मजेत, मोबाइलवर बायकोला विचारतोय, भाजी काय केलीस. अगं, तो पेंट शॉपमधला, नखांवर काळ्या रंगाचा थर. बोटाला लावलेल्या चिमट्याचा उजेड पलीकडे गेला तर ते यंत्र वाचणार ना! कानाच्या पाळीला लावलं, अठ्ठ्याण्णव. उलट हिंजवडीचे एक साहेब मनगटावरचं घड्याळ पुढे करत आले. "सिस्टर, हे म्हणतंय माझं हृदय बरोबर चालत नाहीये." ईसीजी काढला, अगदी नॉर्मल. तरी त्यांचं समाधान होईना. "नक्की ना? घड्याळ खूप महाग आहे हो."

पण माझी खास युक्ती चहाची. आमच्या पट्ट्यातला कामगार लागल्याची वेळ कधी खरी सांगत नाही. कंपनीच्या गेटवर फळा असतो, अपघाताविना किती दिवस गेले त्याचा. तो आकडा आपल्यामुळे शून्यावर आला तर सुपरवायझरपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळे आपल्याकडे बघणार. त्यात कॉन्ट्रॅक्टवरचा असला तर दुसऱ्या दिवशी गेटवरच अडवायचे. म्हणून जखमेला चिंधी गुंडाळायची, शिफ्ट ओढायची, कार्ड पंच करायचं आणि मग दवाखाना गाठायचा. "कधी लागलं?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "आत्ताच." मग मी सहज विचारायचे, "चहाच्या आधी की नंतर?" आणि माणूस खरं बोलून जायचा. चहाबद्दल खोटं बोलावं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही!

त्या दिवशी पहिली पाळी सुटायच्या सुमाराला एका कंपनीची बस हायवेवर ट्रकच्या मागे करकचून थांबली. बसमधले सगळे एकमेकांच्या अंगावर. नऊ-दहा जण एकदम आमच्या दारात. एकाच्या कपाळाची खोक, रक्त डोळ्यांत उतरलेलं, तो तर अख्खी कॅज्युअल्टी डोक्यावर घेऊन ओरडत होता. माझ्याबरोबर दोन स्टाफ नर्स आणि तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी, प्रज्ञा.

प्रज्ञा पिंपरीची. बारीक चणीची, विचारल्याशिवाय न बोलणारी, आणि बोलली तरी ऐकू न येणारी. "अगं, निदान पेशंटला ऐकू जाईल एवढं तरी बोल," म्हणून मी तिला दोनदा झापलं होतं. मनात म्हणायचे, हिचं कॅज्युअल्टीत काही खरं नाही.

मी दारात उभी राहिले, बघितलं. ओरडणाऱ्याला पिवळी बांधली. ओरडतोय म्हणजे श्वास आहे, शुद्ध आहे. कोपऱ्यात बसचा वयस्कर ड्रायव्हर छातीवर मूठ ठेवून घामानं निथळत होता, त्याला लाल. बाकीचे मुका मार, मुरगळलेलं मनगट. दहा मिनिटांत सगळ्यांना रांगेला लावलं, आणि ते सगळं बरोबर होतं. ड्रायव्हरच्या ईसीजीत हार्ट अटॅक दिसला, त्यानं ते सिद्धही झालं. मी खुशीत होते.

तेवढ्यात एक माणूस चालत आत आला. बसच्या अपघाताशी याचा काही संबंध नव्हता. पंचेचाळिशीचा, मेंटेनन्सचा युनिफॉर्म, डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला सुती चिंधी गुंडाळलेली. गर्दी बघून तोच ओशाळला. चाकणजवळच्या गावचा, सोपान नाव.

"काय झालं भाऊ?"

"काय न्हाई सिस्टर, टोचलंय जरा. धनुर्वाताचं इंजिक्शन मारा न सोडा मला. आमची बस उभी हाय भाईर."

मी चिंधी सोडवून बघितलं. बोटाच्या पेरावर टाचणीच्या टोकाएवढं भोक. रक्त नाही. बोट किंचित जाड वाटत होतं, पण मेंटेनन्सवाल्यांची बोटं असतातच तशी.

"कधी लागलं?"

"आत्ताच की."

"चहाच्या आधी की नंतर?"

"पैल्या चहाच्या आदी," तो बोलून गेला आणि जीभ चावली. मग हसायला लागला. "लई हुशार हाय तुमी!"

मीही हसले. आणि तिथेच, त्या हसण्यात माझी चूक झाली. पहिला चहा सकाळी नऊला. म्हणजे लागून सात तास होत आलेले. सात तासांत माणूस पडला नाही, रक्त वाहिलं नाही, अख्खी शिफ्ट करून स्वतःच्या पायांनी चालत आला आणि वर हसतोय. म्हणजे याला वेळ आहे. इतकं सरळ गणित! मी त्याच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली आणि शेवटच्या बाकावर बसवलं. बोटाला नुसतं बघितलं होतं मी. हात लावला नव्हता, दाबलं नव्हतं. पोरींना वर्षानुवर्षं शिकवत आले, बघा, विचारा, मग चाचपा. स्वतः मात्र विचारण्यापाशीच थांबले, कारण उत्तर माझ्या युक्तीनं मिळालं होतं!

प्रज्ञाला मी बाकावरच्या सगळ्यांचं बीपी घ्यायला सांगितलं होतं. पाचेक मिनिटांनी ती माझ्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, त्या काकांना आधी घ्यायला हवं."

"कुठले काका?"

"शेवटच्या बाकावरचे. बोटवाले."

कपाळावर खोक पडलेल्याला टाके घालायची तयारी चालली होती, माझे दोन्ही हात अडकलेले. मी तडकले. "प्रज्ञा, तुला बीपी घ्यायला सांगितलंय ना? टोचलंय त्यांना."

"टोचलं नाहीये मॅडम." तिचा आवाज चांगला मोठा झाला होता, सगळ्यांनी माना वळवल्या. "मशीनचा हायड्रॉलिकचा, दाबाच्या तेलाचा पाइप गळत होता. कुठून गळतो ते बघायला त्यांनी त्यावरून हात फिरवला. तेल आत गेलंय. मी बोटाच्या टोकाला पेनाचं टोपण दाबलं, त्यांना कळलंच नाही."

"तेल आत कसं जाईल? एवढंसं भोक आहे."

"प्रेशर असतं मॅडम. कातडी फोडून जातं. दिसत नाही, रक्त येत नाही, पहिल्यांदा दुखतही नाही. पण बोट जातं. कधी हात जातो."

"तुला कुणी शिकवलं हे?"

"मम्मीनं."

कपाळावर खोक पडलेला माणूससुद्धा हसला. मी नाही हसले. खरं सांगते, मला आधी रागच आला. इतकी वर्षं कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या बाईला कालची पोर तिच्या मम्मीचं सांगतेय! पण ती जागची हलेना. भराभरा बोलत राहिली: मम्मी भोसरीला असेच होज पाइप बनवणाऱ्या लाइनवर आहे, कॉन्ट्रॅक्टवर. त्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात, गळती हातानं बघायची नाही, पुठ्ठा धरून बघायची, तेलाचा डाग पुठ्ठ्यावर दिसतो, हातात मात्र ते आत शिरतं. मम्मी हे घरी इतक्यांदा सांगते, की आम्ही गॅसचा पाइपसुद्धा हातानं तपासत नाही.

मी हातमोजे काढले आणि बाकाकडे गेले. या खेपेला बोटाला हात लावला. बोट थंडगार. कातडी ताणलेली, टोक पांढरं. हळूच दाबलं तर भोकातून पारदर्शक तेलाचा एक थेंब वर आला. मी बघतच राहिले. रक्ताच्या जागी तेल!

"भाऊ, दुखतंय का?"

"सकाळी न्हवतं दुखत. आता जड झालंय. कंपनीतल्या डब्यातल्या दोन गोळ्या खाल्ल्या." मग माझ्या तोंडाकडे बघून त्याचं हसू मावळलं. "का वं सिस्टर? बोट ऱ्हाईल ना? आमचं सगळं हातावरच हाय."

मी कात्रीनं त्याची हिरवी पट्टी कापली आणि लाल बांधली. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना हाक मारली, त्यांनी बोट बघून लगेच हाताच्या सर्जनना फोन लावायला सांगितलं. ते हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मी सांगायला लागले तर त्यांनी मध्येच विचारलं, "प्रेशर किती होतं? तेल कुठलं? किती तास झाले?" तासांचं मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं. मी फोन प्रज्ञाच्या हातात दिला. तिनं सोपानभाऊंना मशीन विचारून ठेवलं होतं, तेल विचारून ठेवलं होतं, गेजवरचा काटा कुठे होता तेसुद्धा. मी माणसाची कहाणी विचारायला शिकवत होते, तिनं मशीनची कहाणी विचारली होती. सर्जननी सगळं ऐकून घेतलं. मग, "काही खायला-प्यायला देऊ नका. हात उंच धरा. बर्फ अजिबात लावू नका. ऑपरेशन थिएटर उघडा, मी येतोच."

आणि आले! गाडी ड्रायव्हरवर सोडून कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसून, दुसऱ्याचं मोठं हेल्मेट घालून. एरवी मी पोट धरून हसले असते. तोपर्यंत सोपानभाऊंचा हात मनगटापर्यंत सुजला होता आणि ते दात आवळून बसले होते. घरी फोन लावायला सांगत होते, पण बायकोला काय सांगायचं ते त्यांना सुचत नव्हतं. शेवटी मीच बोलले.

ऑपरेशन चालू असताना सर्जननी निरोप पाठवला, सिस्टरना बोलवा, आणि त्या मुलीलाही. आम्ही गाऊन-मास्क चढवून टेबलाजवळ उभ्या राहिलो. बोटाच्या टोकापासून तळहाताच्या मध्यापर्यंत हात उघडलेला होता. मी सलाइन लावण्यासाठी किती हात हातात घेतले असतील, हिशेब नाही. सगळं बाहेरून. आतून हात असा कधी पाहिला नव्हता. प्रत्येक बोटाला मोत्यासारखी पांढरी, चकचकीत दोरी. ती सरकते तेव्हा बोट वाकतं. तिच्याभोवती पातळ नळी, तिच्या दोन्ही कडांनी दोऱ्यासारख्या नसा आणि केसासारख्या रक्तवाहिन्या. एवढ्याशा जागेत, एकीचा धक्का दुसरीला नाही. आणि हे सगळं घेऊन माणूस पान्यानं नट आवळतो, भाकरीचा घास मोडतो, पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो, आणि त्याला पत्ताही नसतो! माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी आलं तेही सांगते, लपवत नाही.

त्या नळीत तेल होतं. टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून शिरून तळहातापर्यंत वाट काढत गेलेलं. सर्जन पाण्यानं धुवत होते, पुसत होते, परत धुवत होते.

"अजून तासभर गेला असता तर मी बोट वाचवायच्या भानगडीत पडलो नसतो," ते मान वर न करता म्हणाले. "कुणी ओळखलं?"

मी प्रज्ञाकडे बोट दाखवलं. ती पुटपुटली, पुन्हा तिच्या जुन्या बारीक आवाजात, "मम्मीनं हे कधी बघितलेलं नाही सर. तिला नुसतं सांगितलंय."

मला त्या न पाहिलेल्या बाईचं काय वाटलं ते शब्दांत नीट येत नाही. दिवसभर उभ्यानं पाइपांची तोंडं आवळायची, घरी येऊन लसूण सोलता सोलता पोरींना सांगायचं, पुठ्ठा धरा गं, हात लावू नका. ना तिच्याकडे डिग्री, ना तिच्या हातात पट्ट्या. पण त्या दिवशी आमच्या बाकावर खरी पट्टी तिनंच बांधली होती.

दोन दिवसांनी पुन्हा ऑपरेशन झालं, पुन्हा धुतलं, मग हळूहळू जखम बंद केली. बोट राहिलं. पण ते वाकेल का, त्याला कळेल का, हे कुणीच सांगत नव्हतं. सोपानभाऊ ड्रेसिंग बदलायला यायचे, तेव्हा बोटाकडे बघायचेच नाहीत. मान फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचे.  मला सांगायचं होतं, भाऊ, तुम्हाला मीच मागे बसवलं होतं. पण जीभ रेटायची नाही.

सहा-सात आठवड्यांनी टाके, ड्रेसिंग सगळं निघालं. प्रज्ञाची त्या दिवशी तिथेच ड्युटी होती. मी सोपानभाऊंना मूठ मिटायला सांगितलं. चार बोटं मिटली. पहिलं बोट अर्ध्यावर येऊन अडखळलं, थरथरलं, आणि तळहातापासून दोन बोटं अंतरावर थांबलं.

"एवडंच येतंय," ते म्हणाले.

"येतंय ना! व्यायाम केलात की अजून येईल," मी म्हणाले. आणि मग न ठरवता बोलून गेले, "भाऊ, त्या दिवशी माझं चुकलं. हिरवी पट्टी बांधून तुम्हाला मी शेवटी बसवलं होतं. ही पोर नसती तर हे बोट नसतं."

 ते खाली बघत राहिले. प्रज्ञा नोंदीचा कागद धरून तशीच उभी.

"आता स्पर्श बघायचाय," मी म्हणाले. "डोळे मिटा. लागलं की सांगा."

त्यांनी डोळे मिटून हात माझ्यापुढे उताणा ठेवला. तळहातावरून बोटाच्या टोकापर्यंत लाल, वाकडातिकडा व्रण. मी कापसाची वात केली आणि टोकाला टेकवली.

काहीच नाही.  मी प्रज्ञाकडे बघितलं, तिनं ओठ दाताखाली धरले होते. मी वात तशीच धरून ठेवली.

"लागलं," सोपानभाऊ हळूच म्हणाले.

"कुठे?"

"पार टोकाला. कापूस हाय." त्यांचे डोळे मिटलेलेच होते, पण सगळा चेहरा उमलून आला. मग जरा थांबून म्हणाले, "सिस्टर, तुमचा हात लई थरथरतोय. ऱ्हाऊ द्या आता. झालं गेलं."